ठेल्यावरचा चपटा

आमगावच्या स्टेशनरस्त्यावर माझे वडील जो पदार्थ विकायचे, त्याला ते स्वतः काहीच म्हणत नसत. डबलरोटीचे दोन काप, मधे कुस्करलेला आलुबोंडा, हिरवी चटणी, कांदा. ते सगळं तव्यावर ठेवायचं आणि वरून किराण्याच्या जुन्या तराजूतलं लोखंडी वजन. दोन्ही बाजू करकरीत झाल्या की कागदावर काढून द्यायचे. कोणी विचारलं, "काका, याले का म्हणतात?" तर म्हणायचे, "खाऊन पाहा."

नावं लोकांनी ठेवली. गोंदियाचे व्यापारी हिंदीत म्हणायचे, "एक आलू-सँडविच, अच्छे से दबाके." डोंगरगडकडे जाणारे प्रवासी त्याला ब्रेड-बोंडा म्हणत. शाळेतली लेकरं टोस म्हणत. कॉलेजच्या पोरांचं एक टोळकं होतं, ते म्हणायला लागलं चपटा, आणि तेच टिकलं. एकदा नव्याने बदलून आलेले एक साहेब ठेल्याजवळ उभे होते. शेजारच्या पोराने ऐटीत सांगितलं, "काका, दोन चपटे." साहेबांनी बाबांकडे आणि ठेल्याखालच्या बंद पेटीकडे असं काही पाहिलं, की बाबांनी मुकाट्याने पेटी उघडून दाखवली. आत कांदे होते. चपटी म्हणजे दारूची बाटली एवढंच त्यांना ठाऊक. नंतर ते रोजचे गिऱ्हाईक झाले, पण चपटा हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. "ते तुमचं ते द्या," म्हणायचे.

बाबांना हे नाव आवडत नव्हतं. "खायच्या जिनसेचं नाव आहे का हे," असं घरी आल्यावर म्हणायचे. आई हसायची. आई गेल्यानंतर त्यांनी ते म्हणणंही सोडलं.

मी गोंदियाला एका खासगी शाळेत शिकवते. सकाळच्या गाडीने जायचं, दुपारनंतरच्या गाडीने परत. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. मी निघायच्या वेळी ते ओसरीवर पाटावर बसून उकडलेले आलू सोलत असायचे. मी चपला घालेपर्यंत त्यांचं काहीतरी सांगणं चालू असायचं. येताना हे आण, ते आण.

त्या दिवशी म्हणाले, "माय, येताना आलू आण."

मी म्हटलं, "आलू तर मांडीवर पडून राहिले तुमच्या."

"नाही, ते नाही. आलू. आलू आण." आणि ते चिडले. त्यांना काहीतरी वेगळंच म्हणायचं होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मग हातातला आलू घरंगळत अंगणात गेला. उजवा हात मांडीवरून खाली लोंबला आणि ओठाची एक कड खाली ओढल्यासारखी झाली. मी शेजारच्यांना हाक मारली. त्यांच्या गाडीत घालून आम्ही बाबांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर ते माझा हात धरून एकच शब्द बोलत होते. आलू.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे, जीव वाचला आहे, हातापायात हळूहळू जोर येईल, बोलण्याचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. त्यांना कळतं सगळं, म्हणाले. फक्त शब्द सापडत नाहीत.

घरी आणल्यावर या वाक्याचा अर्थ समजला. पाणी हवं असलं की आलू. पंखा बंद कर म्हणजे आलू. मी आलू, डॉक्टर आलू, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला की बोट दाखवून आलू. सुरुवातीला मला रडू यायचं. पुढे मी नुसती एकेक वस्तू उचलून दाखवत राहायची, हे का? हे का? आणि ते मान हलवत राहायचे. एखाद्या दिवशी तिसऱ्या वस्तूलाच जमून जायचं. एखाद्या दिवशी घरातली सगळी भांडी दाखवून व्हायची, आणि त्यांना हवी असायची खिडकी उघडलेली.

मी नसताना शेजारचे पाहायचे. शाळेतून येऊन त्यांना धुवायचं, भरवायचं, हातापायाला तेल लावून चोळायचं, मग वह्या तपासायच्या. भाऊ येऊन काही दिवस राहिला आणि गेला. रोज फोन करायचा. "ताई, बाबा आज काही बोलले?" मी म्हणायची, "बोलले. आलू." पहिल्यांदा तो हसला. नंतर त्यानेही विचारणं कमी केलं.

मग आत्या आली. आत्या बाबांची मोठी बहीण, चिचगडला असते. चार एकर धान आहे आणि घरामागे जंगल. तिला कळलं तशी ती एका पिशवीत दोन लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत तांदूळ घेऊन बसने आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काऊन गा, मले पाहून तोंड फिरवून राहिला?"

बाबांनी तोंड फिरवलं नव्हतं. त्यांचं तोंड तसंच झालं होतं. मी आत्याला बाजूला नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मले दिसते ना ते. पण त्याले वाटाले पाहिजे ना, का मी त्याले काही झालं असं समजत नाही."

आत्या असताना मला थोडी उसंत मिळाली. ती दिवसभर बाबांशी बोलत बसायची. धानाचं, जंगलाचं, मेलेल्या माणसांचं, कोणाच्या बैलाचं. उत्तराची वाट पाहायची नाही. मी घरी यायची तेव्हा बाबा थकून डोळे मिटून पडलेले असायचे आणि आत्या त्यांच्या पायथ्याशी बसून बोलतच असायची.

दवाखान्यातून आम्हाला वाचा-उपचाराच्या बाईंकडे पाठवलं होतं. आठवड्यातून एकदा गोंदियाला जायचं. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून आमगावला परत यायची आणि बाबांना घेऊन पुन्हा निघायची. बाबांना गाडीत चढवणं हे मोठंच काम. एका हाताने दांडी, दुसरा हात माझ्या गळ्यात, आत्या मागून ढकलते आहे आणि डब्यातले लोक म्हणताहेत, "आराम से, चाचा, आराम से." उतरल्यावर ऑटो, मग जिना. दवाखान्याला जिना का ठेवतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

बाई साताऱ्याकडच्या होत्या. तिशीच्या आतबाहेर, बारीक, डोळ्याखाली काळं. त्यांच्या खोलीबाहेर नेहमी रांग असायची आणि रांगेत बहुतेक लहान मुलं. त्यांनी बाबांसमोर चित्रांची कार्डं मांडली. प्रत्येक चित्राखाली नाव छापलेलं होतं.

"काका, हे काय आहे?"

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "आलू."

आत्या टाळी वाजवायची बाकी राहिली. कारण त्या कार्डावर खरंच आलूचं चित्र होतं. खाली छापलं होतं, बटाटा. बाईंनी अंगठ्याने ते नाव झाकलं आणि पुढचं कार्ड ठेवलं. बाबा म्हणाले, "आलू." ती गाय होती.

मग एक कार्ड आलं, सँडविचचं. पांढऱ्या पावाचे तिकोनी काप, एकावर एक ठेवलेले, मधून हिरवं पान बाहेर आलेलं, वर काडी टोचलेली. आयुष्यभर जो माणूस पावात आलू दाबून विकत होता तो त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला त्यात ओळखीचं काहीच दिसत नव्हतं. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू काही मीच सांगावं. मलाही त्या जिनसेला काय म्हणायचं ते सुचेना. आमच्या घरात त्याला कोणी सँडविच म्हटलंच नव्हतं.

पुढचं कार्ड कोथिंबिरीचं होतं. बाबांच्या ओठांची हालचाल झाली. स, स, असं काहीतरी. बाई पुढे झुकल्या. "को," त्या म्हणाल्या, "म्हणा, को..."

"आमच्याकडे सांबार म्हणतात," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. "हो, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मला. मी इथे नवी आले तेव्हा सांबारवडी मागवली होती आणि इडलीबरोबर देतात त्या सांबाराची वाटी कधी येते म्हणून वाट बघत बसले होते." त्या हसल्या, पण ते हसूही दिवसभराच्या कामाने दमलेलं होतं. "ही कार्डं छापून येतात, ताई. यातल्या निम्म्या गोष्टी इथली मुलं वेगळ्याच नावाने ओळखतात. मी अंगठा ठेवून ठेवून चालवते. तुम्ही असं करा, पुढच्या वेळी घरातल्याच वस्तू आणा. काकांच्या रोजच्या हातातल्या. नाव काय ते तुमच्याकडचंच धरू."

पुढच्या आठवड्यात मी पिशवी भरून नेली. आलू, कांदा, सांबारची जुडी, मिरच्या, डबलरोटी. निघताना आत्याने ठेल्यातलं ते लोखंडी वजनही पिशवीत टाकलं. मी म्हटलं, एवढं ओझं कायले? ती म्हणाली, "मी धरतो. तू चाल."

बाईंनी टेबलावर कागद पसरला. मी पावाचे दोन काप काढले, मधे नुसताच कुस्करलेला आलू ठेवला. बाबा पाहत होते. त्यांचा डावा हात टेबलावरून सरकत वजनापर्यंत गेला. एका हाताने ते पुरतं उचललं जाईना. मी मदतीला हात पुढे केला, तर बाईंनी मला खुणेने थांबवलं. बाबांनी ते वजन पावावर ठेवलं, वरून तळहाताने जोर दिला, आणि म्हणाले, "दाब."

बाबांना स्वतःलाही पुरतं समजलं नसावं. त्यांनी पुन्हा जोर दिला. "दाब. दाब." आलू बाजूंनी बाहेर येऊन कागदावर पसरला.

आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, "आलू सुटला बापा त्याचा."

त्यानंतर शब्द आले, पण सरळ रांगेने आले नाहीत. दाबनंतर गरम आलं, मग सांबार, मग माय. माय म्हणजे मी. काही दिवस फक्त खाण्याचेच शब्द. भात, तेल, मीठ, सुकसी. सुकसी म्हणजे वाळवलेले लहान मासे. ती आत्याने चिचगडहून आणली होती आणि रोज रांधत होती. माझ्या भावाचं नाव यायला पुष्कळ वेळ लागला, आणि आलं तेव्हा ते त्यांनी आत्याच्या बैलाला दिलं. फोनवर भावाला मी हे सांगितलं नाही.

चपटा मात्र आला नाही. बाईंनी खूप प्रयत्न करून घेतले. च म्हणा. प म्हणा. टा म्हणा. तिन्ही वेगळे जमायचे. एकत्र आले की पचटा व्हायचं, टपचा व्हायचं. एकदा आत्या हसली, तिच्याबरोबर बाबाही हसले, मीही हसले. मग त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तसंच झालं, आणि ते हसायचे थांबले. त्यानंतर बाईंनी विचारलं की ते मान खाली घालायचे. बाई म्हणाल्या, राहू द्या तो शब्द. सगळेच काही परत येत नाहीत.

ठेला अंगणात ताडपत्रीखाली होता. येणारे-जाणारे विचारायचे, कधी सुरू करून राहिले? मी म्हणायची, पाहू. मला शाळा सोडता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तव्यासमोर उभं राहायचं नव्हतं. लहानपणापासून त्या तेलाचा वास मी केसात वागवला होता.

थंडी संपत आली होती. एका उपचाराच्या दिवशी आम्ही तिघं परतीच्या गाडीने उतरलो आणि स्टेशनरस्त्याने हळूहळू घरी निघालो. बाबा आता काठी धरून चालत होते, पण पाय ओढत. बाबांचा ठेला जिथे उभा राहायचा त्याच्या समोरच्या बाजूला एक बंद दुकान होतं. ते उघडलेलं दिसलं. आत नवा ओटा, स्टीलचं चकचकीत दाबण्याचं यंत्र, आणि वर पिवळी पाटी. चपटा सेंटर. खाली लहान अक्षरात, चीज चपटा, पनीर चपटा, मसाला चपटा.

मी पाटी वाचली आणि बाबांचा दंड धरून चाल वाढवायला गेले. बाबा थांबले. त्यांना अक्षरं वाचता येत होती का, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पण वास तर येतच होता.

दुकानातून एक तरुण बाहेर आला. पाहताक्षणीच ओळख पटली. कॉलेजच्या त्या टोळक्यातला हा उंच मुलगा. रोज कांदा जास्त मागायचा. आता अंगाने भरला होता. त्याने वाकून बाबांच्या पायाला हात लावला, प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बसा काका. मी घरी येणारच होतो."

"येनार होता," आत्या म्हणाली. "पाटी लावून झाल्यावर."

"आत्या, चला," मी म्हटलं. माझ्या खांद्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि डोकं दुखत होतं. कोणाशी भांडायची माझ्यात ताकद नव्हती.

पण आत्या हलली नाही. "जिनस माझ्या भावाची. नाव माझ्या भावाचं. तो पडून आहे आन् तू मशीन लावून बसला. काऊन रे?"

तो गोरामोरा झाला. पण त्याने उत्तर दिलं, आणि मला वाटतं ते खरंच होतं. "आत्याबाई, जिनस काकांची आहे, नाही कुठे म्हणतो. पण नाव काकांचं नाही. काकांनी कधी चपटा म्हटलं काय? आम्ही पोरं म्हणत होतो. काका तर चिडत होते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे ते. बाबांना नाव आवडत नव्हतं."

"मंग नाव का होतं त्याचं?" आत्याने विचारलं.

"नव्हतंच," मी म्हटलं.

मग तो तरुण बाबांसमोर गुडघ्यावर टेकला, दवाखान्यात लहान मुलांशी बोलतात तसा नाही, साधाच, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा म्हणाला, "काका, कोणता लावू? चीज टाकू काय?"

बाबांनी पाटीकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता पुन्हा तो शब्द अडकणार, रस्त्यावर, लोकांसमोर, आणि घरी जाऊन दोन दिवस ते कोणाशी बोलणार नाहीत. मी सांगणारच होते की काही नको. तेवढ्यात ते म्हणाले, "आ... आपला."

तरुणाचा चेहरा पडला. त्याने ते 'चपटा आमचा आहे' असं ऐकलं. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही म्हणत असाल तर मी पाटी काढतो. दुसरं काही लिहितो."

"नाही रे," मी म्हटलं. "त्यांना खायचा आहे. साधा, आपला. चीज नको म्हणतात."

"असं म्हणून राहिले काय?"

बाबांनी मान हलवली. हलवली म्हणजे नक्की कोणत्या प्रश्नाला हलवली, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं. पण तरुणाने हात धुतले आणि आत गेला. त्याने यंत्र वापरलं नाही. शेगडीवर तवा ठेवला, त्यावर पाव, आणि वरून पाण्याने भरलेला लोटा दाबून धरला. त्याचं लक्ष तव्यापेक्षा बाबांकडेच जास्त होतं, आणि एक कड करपली.

बाबांनी डाव्या हाताने खाल्लं. चटणी शर्टावर सांडली, ती आत्याने पुसली. रस्त्याने जाणारे ओळखीचे लोक थांबत होते. काका, बरे आहात ना, असं विचारत होते. बाबा तोंडातला घास गिळून झाल्यावर प्रत्येकाला मान हलवत होते. अर्धा संपल्यावर त्यांनी कागद मिटला आणि म्हणाले, "बरा."

"बरा म्हनते," आत्याने तरुणाला सांगितलं. "म्हंजे लय चांगला नाही."

"एवढं चालते," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

मला वाटलं होतं की इथे काहीतरी संपलं. तसं झालं नाही. दर आठवड्याला गोंदियाहून परत येताना बाबांना तिथे थांबायचंच असायचं. खुर्ची, आपला, अर्धा खाणं, बरा. तो तरुण त्यांना मायेने वागवायचा. पण मला मात्र त्या दुकानाचा कंटाळा यायला लागला. दिवसभर उभं राहून मी आलेली असायची. शिकवणं, जिना, गाडी, आणि मग पुन्हा त्या रस्त्यावर, त्याच तेलाच्या वासात, बाबांचा शर्ट पुसत. कधी कधी मी त्यांना म्हणायची, आज सरळ घरी जाऊ. ते नुसते उभे राहायचे. ओढून नेता येईल एवढे ते हलके झाले होते, पण मी कधी ओढलं नाही.

मार्चमध्ये आत्या निघाली. "मोहफूल पडून राहिले," ती म्हणाली. "वेचाले जा लागते मले. नाही त जंगली जनावरं खाऊन जातात." जायच्या आधी तिने ठेल्याचं पाहिलं. चिचगडच्या बाजारात चना आणि बोरं विकणारी एक विधवा बाई तिच्या ओळखीची होती, जमिनीवर पोतं टाकून बसायची. माझा भाऊ केव्हाचा म्हणत होता की ठेला देऊन टाका. आत्याने बाबांना विचारलं, "देऊ का गा तिले?" बाबा म्हणाले, "दे." एवढं स्पष्ट, की आम्ही दोघींनी पुन्हा विचारलं. "दे, दे," ते म्हणाले आणि हाताने, जा घेऊन, अशी खूण केली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेला चढवताना ते ओसरीवर बसून पाहत होते. मला भीती होती की रडतील. ट्रॉली वळली तसे ते म्हणाले, "भूक." मी भात वाढला.

आत्या गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. बाबांना आता बरेच शब्द होते, पण बोलायला कोणी नव्हतं. मी घरी यायची ती बोलून बोलून आलेली असायची. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि ते म्हणायचे, "मीठ." मी मीठ द्यायची. पुष्कळदा संध्याकाळभरात तेवढंच बोलणं.

दवाखान्यातल्या बाईंनी एक दिवस सांगितलं की आता दर आठवड्याला यायची गरज नाही, महिन्याने या. चांगली गोष्ट आहे, म्हणाल्या. मी हो म्हटलं. जिना उतरताना मला बरं वाटायला हवं होतं. मला नुसती झोप आली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊ पुण्याहून आला. मला पाहून म्हणाला, "ताई, तू किती वाळलीस." मी म्हटलं, "तू थांब थोडे दिवस बाबांजवळ. मी चिचगडला जाऊन येते." त्याने काही विचारलं नाही. बाबांची औषधं, आंघोळ, कुठल्या पायाला जास्त चोळायचं, सगळं त्याला समजावलं आणि वाटेतल्या देवरीची बस धरली.

चिचगडला मी झोपले. दुपारी झोपले, संध्याकाळी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले. आत्याने मला उठवलं नाही, की काही विचारलं नाही. सकाळी ती मागच्या अंगणात निखाऱ्यावर तांदळाच्या पिठाची जाड रोटी भाजत होती, खाली-वर पळसाची पानं लावून. रोटी फोडून तिने आत लाल मिरचीची चटणी भरली आणि माझ्या हातात दिली. बोटं भाजत होती. पळसाच्या पानाची नक्षी रोटीवर उमटली होती. मी उकिडवी बसून खात होते आणि ती तिच्या शेजारणीबद्दल काहीतरी सांगत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याच्या अंगणात एकाच जागी आवाज नीट येतो, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की. मी तिथे गेले. भाऊ होता. "ताई, बाबा सकाळपासून काहीतरी मागताहेत. मी सगळं दाखवून पाहिलं. मला समजत नाही. चिडलेत."

"दे त्यांना."

फोनवर श्वास ऐकू आला. मग बाबा बोलले. दोन-तीन शब्दांचं काहीतरी होतं, मधे माय होतं, एक शब्द पाण्यासारखा वाटला, एक अजिबात ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तसंच.

"बाबा," मी म्हटलं, "मलेही नाही समजलं."

मग ते हसल्याचा आवाज आला. मागे भाऊ विचारत होता, काय झालं, काय झालं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ऊन चढायला लागलं होतं.

"परवा येते," मी त्यांना सांगितलं. उद्या म्हणणार होते, पण परवा म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.

आत्याने मागून हाक मारली की रोटी गार होऊन राहिली. मी फोन ठेवला आणि जाऊन बसले.